तुऱ्याचं गवत: लेकीच्या बर्फातल्या अंगणासाठी आणि माझ्या हिंगणा रोडच्या प्लॉटसाठी

बजाजनगरकर · ११ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

मंडळी, प्रश्न दोन आहेत, पण विषय एकच म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

लेक-जावयाने शिकागोजवळ नेपरव्हिलला घर घेतलंय. मागे बऱ्यापैकी अंगण, दिवसभर ऊन, माती चिकण. कुंपणाच्या कडेने उंच, वर मऊ तुरे डोलणारं गवत लावायचं तिच्या मनात आहे. गेल्या वर्षी मे महिन्यात तिने दुकानातून जांभळ्या पानांच्या फाउंटन ग्रासच्या दोन कुंड्या आणून जमिनीत लावल्या. दिवाळीपर्यंत फोटो बघत राहावं असं रूप होतं. पहिलं दहिवर पडलं आणि सगळं आडवं झालं, ते पुन्हा फुटलंच नाही. आता तिकडच्या नर्सऱ्यांत गवतं अर्ध्या किमतीत लागली आहेत. आत्ता घेऊन लावावीत का, हा पहिला प्रश्न.

दुसरा माझा. नागपुरात हिंगणा रोडला प्लॉट आहे, काळी भारी माती. कंपाउंडच्या आतून एक लांब पट्टा मोकळा आहे. दोन्ही घरी एकच गवत असावं अशी हौस आहे, म्हाताऱ्याची हौस म्हणा हवं तर. ऑनलाइन ‘कोल्ड हार्डी’, म्हणजे थंडीला टिकणारी, म्हणून गवताच्या बियांची पाकिटं दिसली: भरगच्च तुऱ्यांचा पांढरा पम्पास, गुलाबी पम्पास, निळा पम्पास, आणि एक कार्ल फोर्स्टर नावाचं. माझा हिशेब साधा आहे. जे उणे पंचवीसमध्ये जगतं ते आपल्या दहा डिग्रीत आरामात जगेल. बरोबर ना?

खवचट_वऱ्हाडी · ११ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

काका, आमच्या पिढ्या गेल्या कुंदा अन् हराळी उपटण्यात, अन् तुम्ही पैसे देऊन गवत लावून राहिले! पत्ता द्या, ट्रॅक्टरभर पाठवतो.

(गंमत हो. पण तो निळा पम्पास काय प्रकार आहे बाप्पा?)

बर्डी_ते_शिकागो · ११ ऑक्टोबर, रात्री ८:५०

काका नमस्कार. मी मूळची धरमपेठची, आता तुमच्या लेकीपासून तासाभराच्या अंतरावर राहते. तिकडचं मी सांगते, नागपूरचं काळी_माती भाऊ सांगतील, त्यांना इथे ओढून आणा कुणीतरी.

आधी ते जांभळं गवत. त्यात तिचं काही चुकलं नाही. ते फाउंटन ग्रास, म्हणजे पेनिसेटम, मूळचं उष्ण प्रदेशातलं. इथे ते मे ते ऑक्टोबर असं एका हंगामाचं शोभेचं झाड म्हणूनच विकतात. थंडी पडली की संपलं, पुढच्या मेमध्ये नवीन. दुकानात त्याची पाटी झेंडू-पिटुनियाच्या रांगेत असते, पण पाटी वाचतो कोण! तुमच्याकडे नागपुरात मात्र तेच वर्षानुवर्षं टिकेल.

इथे झाड घेताना पाटीवर झोनचा आकडा बघायचा. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नकाशा आहे. वर्षातलं सगळ्यात कमी तापमान सरासरी कुठवर उतरतं त्यावरून देशाचे पट्टे पाडलेत. २०२३ साली तो नव्याने काढला. झोन ५ म्हणजे साधारण उणे २९ ते उणे २३ सेल्सिअस, झोन ६ म्हणजे उणे २३ ते उणे १८. शिकागोची उपनगरं या दोन्हींच्या सीमेवर येतात. मी स्वतः ५ धरूनच झाड घेते, कारण सरासरी ही सरासरीच असते. ३० जानेवारी २०१९ ला इथे उणे ३० च्याही खाली गेलं होतं.

आता नावं.

कार्ल फोर्स्टर हे मी सगळ्यात आधी सुचवेन. कॅलामॅग्रॉस्टिस जातीचं आहे, नाव पडलं पोट्सडामच्या एका जर्मन नर्सरीवाल्यावरून. सरळ काठीसारखं उभं राहतं, तुऱ्यांसकट दीड मीटरच्या आसपास. चिकण माती चालते. जूनमध्येच तुरे येतात, आधी गुलाबी झाक, मग गव्हाळ, आणि बर्फ पडला तरी बरेचसे उभे. २००१ साली त्याला तिकडचा वर्षातलं बहुवर्षायू झाड हा मान मिळाला, आणि तेव्हापासून प्रत्येक बँकेच्या आणि पेट्रोल पंपाच्या बाहेर तेच. मला थोडा कंटाळा आलाय त्याचा, पण नवख्या माणसाला याच्यापेक्षा खात्रीचं काही नाही.

स्विचग्रास, म्हणजे पॅनिकम, इथल्याच प्रेअरीचं, म्हणजे माळरानाचं गवत. त्यातली नॉर्थविंड ही जात (२०१४ चा मान हिला) पुरुषभर उंच, निळसर हिरवी आणि ताठ. रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, तेही बऱ्यापैकी सोसते. तुरा मात्र विरळ, धुक्यासारखा. तुमच्या लेकीला जाड तुरा हवा असेल तर हिने मन भरणार नाही.

जाड तुऱ्यासाठी मिस्कॅन्थस. त्यात ‘सिल्बरफेडर’ घ्यायला सांगा. ‘ग्रासिलिमस’ नावाची पानं फार सुंदर असलेली जात सगळीकडे मिळते, पण ती इतक्या उशिरा फुलते की इथे एखाद्या वर्षी तुरा बाहेर पडायच्या आत दहिवर येतं. आणि एक सावधगिरी: मिस्कॅन्थस बी टाकतं, अमेरिकेच्या पूर्वेकडच्या काही राज्यांत ते रानोमाळ पसरलंय. घरामागे ओढा किंवा मोकळं रान असेल तर मी लावणार नाही.

खरा पम्पास इथे विसरायचा. तो झोन ७-८ पासून पुढे. त्याच्याऐवजी ‘हार्डी पम्पास’ म्हणून जे विकतात ते रॅव्हेना गवत, वेगळंच झाड. तीन मीटरच्या वर जातं. दिसायला भव्य, पण काही राज्यांत तेही तणांच्या यादीत आहे, आणि छोट्या अंगणात ते हत्ती बांधल्यासारखं दिसतं.

विकत घेण्याआधी तिला एक रविवार मॉर्टन आर्बोरेटम या झाडांच्या मोठ्या बागेत पाठवा. लाईलला आहे, नेपरव्हिलच्या अगदी शेजारी. तिथे शूलनबर्ग प्रेअरी म्हणून १९६२ पासून नव्याने उभं केलेलं गवताळ रान आहे. ऑक्टोबरात ते तांबूस होतं. कुठलं गवत किती उंच होतं, कुठलं वाऱ्याने लोळतं, सगळं डोळ्यांनी दिसेल. शहरात आल्यास मिलेनियम पार्कमधली लुरी गार्डन, २००४ ची, पीट औडॉल्फ या डच बागरचनाकाराने आखलेली. गवत आणि फुलझाडं एकत्र कशी गुंफायची ते तिथे बघावं.

आणि आत्ता लावायचं का? लिहिते, पोराला झोपवून येते.

बर्डी_ते_शिकागो · ११ ऑक्टोबर, रात्री ११:१०

हां. आत्ता लावायचं का.

कार्ल फोर्स्टर थंड हंगामात वाढणारं गवत आहे. वसंतात आणि शरदात मुळं धरतं. जमीन गोठायला अजून निदान सहा आठवडे असतील तर ते आत्ता लावलं तरी चालेल. मिस्कॅन्थस, पॅनिकम, रॅव्हेना ही उन्हाळ्यात वाढणारी. ती ऑक्टोबरात झोपायच्या तयारीत असतात, नवीन मुळं टाकत नाहीत. अर्ध्या किमतीच्या मोहात लोक लावतात आणि एप्रिलमध्ये चिखलात एक वाळका गड्डा सापडतो.

मरण्याचं कारण दर वेळी थंडीच असतं असं नाही. हिवाळ्यात इथे माती रात्री गोठते, दुपारी सुटते, पुन्हा गोठते. दर खेपेला माती फुगते आणि मुळं न धरलेला गड्डा थोडा थोडा वर ढकलला जातो. शेवटी मुळं उघडी पडतात. दुसरं कारण पाणी. चिकण मातीत गड्ड्याभोवती पाणी साचून गोठलं की तो कुजतो. कोरडी थंडी ही गवतं खूप सोसतात, ओली थंडी नाही.

घ्यायचाच मोह असेल तर घेऊ द्या, पण कुंडीसकट जमिनीत पुरायला सांगा, घराच्या भिंतीला लागून. जमीन गोठल्यावर वर पालापाचोळ्याचा थर. मे महिन्यात काढून जागेवर लावायचं.

आणि हिवाळ्यात कापायचं नाही! शेजारी ‘साफसफाई’ म्हणून नोव्हेंबरात कापतील, त्यांचं बघून कापू नये. वाळकी पानंच गड्ड्याचं पांघरूण असतात. मार्चअखेरीस जुडगा सुतळीने घट्ट बांधायचा आणि जमिनीपासून वीतभर ठेवून कापायचा. बांधला नाही तर काड्या गावभर उडतात. कार्ल फोर्स्टर आधी, ते लवकर फुटतं.

बजाजनगरकर · १२ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

ताई, इतकं सविस्तर! जशाच्या तसं लेकीला पाठवलं. तिचा उलट निरोप: सोसायटीचे नियम तपासते, तिथे कुंपणाकडेच्या झाडांच्या उंचीवरही काही अटी आहेत म्हणे. आणि मीठ रस्त्याकडून येतं, मागच्या अंगणात प्रश्न नाही.

आता माझ्या प्लॉटचं कुणी सांगेल का?

काळी_माती · १२ ऑक्टोबर, दुपारी २:२०

काका, आलो. ओढून आणायची गरज नव्हती, साइटवर होतो.

तुमच्या हिशेबात एक गोष्ट सुटली. तो झोनचा आकडा फक्त थंडीचा आहे. उन्हाळा किती तापतो याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. थंडीच्या मापाने नागपूर ११ च्या आसपास पडेल. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ वर गेला होता, शहराच्या नोंदीतला नीचांक. तेवढ्याने कुठलंच शोभेचं गवत मरत नाही. मरतं ते मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आणि जे वाचतं ते जुलैत काळ्या मातीत पाणी साचून मरतं. म्हणजे तिकडच्या बर्फाला पुरून उरलेलं झाड इथे पास होईलच असं नाही.

कार्ल फोर्स्टर इथे नको. गारव्यात वाढणारं गवत आहे, ऊन तापलं की त्याची वाढ थांबते. आपला मे त्याला झेपायचा नाही. मिस्कॅन्थस उष्ण हंगामाचं आहे खरं, पण त्याला हिवाळ्याची झोप हवी असते. मी कुणाला पैसे घालवायला सांगणार नाही.

खरा पम्पास, म्हणजे अर्जेंटिना, उरुग्वे, दक्षिण ब्राझीलकडचा, हा उन्हाला डरत नाही. निचरा मिळाला तर नागपुरात जगतो. पण तीन गोष्टी डोक्यात ठेवा. एक तर बियांपासून केला तर तुऱ्यासाठी दोन-तीन वर्षं थांबायची तयारी हवी. दुसरं, यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि तो भरगच्च रेशमी तुरा मादीचा. बियांतून काय निघेल ते फुलल्यावरच कळतं. तिसरं, पानांच्या कडा करवतीसारख्या. फूटपाथच्या कडेला किंवा नातवंडं खेळतात तिथे लावू नका. आणि ज्या देशांत तो मोकळा सुटला, कॅलिफोर्निया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, तिथे तो आता उपटत बसलेत. एका तुऱ्यात लाखभर बी आणि वारा फुकट.

तुमच्या पट्ट्यासाठी माझी निवड: जांभळं फाउंटन ग्रास पुढच्या ओळीत आणि वाळा मागच्या ओळीत. लेकीकडे जे ऑक्टोबरात मेलं तेच तुमच्याकडे वर्षभर. आपल्या नर्सऱ्यांत सहज मिळतं. पावसाळा संपला की फेब्रुवारीपर्यंत तुऱ्यांनी लगडलेलं असतं. त्याचं बी जवळपास रुजत नाही, त्यामुळे पसरायची भीती नाही. हिरव्या पानांचं साधं मात्र घेऊ नका, ते बियांनी पसरतं.

वाळा तर काय सांगायचं. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या सगळ्यांना माहीत, झाड कुणी पाहिलेलं नसतं. दीड-दोन मीटर उंच, जांभळट-तपकिरी सडपातळ तुरे, मुळं सरळ खाली तीन मीटरपर्यंत. काळी माती, साचलेलं पाणी, भेगा, सगळं चालतं. लागवडीचा वाळा बियांनी पसरत नाही. दिखावा पम्पासइतका नाही हे कबूल.

माती. जमीन नुसती खणून लावू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि फाटताना मुळं तोडते. दीड फूट उंच वाफा करा: मुरूम, तीच माती आणि कुजलेलं शेणखत सारख्या भागात. कंपाउंडच्या भिंतीला पाणी जायला जागोजाग भोकं ठेवा, नाहीतर वाफ्याचं तळं होतं. मी बघितलेल्या निम्म्या फसलेल्या वाफ्यांचं कारण भिंत होती. लावणी पहिला दमदार पाऊस झाल्यावर, जूनअखेर-जुलै. खत जास्त नको. युरिया टाकला की पान लुसलुशीत होतं आणि पहिल्या वाऱ्याला लोळतं.

उन्हाळ्यात बुडाशी सोयाबीनचं कुटार (भुसा) अंथरा, वीतभर जाड. पाणी रोज शिंपडू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरपूर द्या.

गच्चीवाली · १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:०५

ते बियांचं पाकीट अजिबात घेऊ नका काका!! कार्ल फोर्स्टर वांझ आहे, त्याला उगवणारं बीच धरत नाही. जगभर त्याची रोपं गड्डा फोडूनच करतात. म्हणजे ‘कार्ल फोर्स्टरचं बी’ असं लिहिलेलं पाकीट बघितलं की ते खोटं, चर्चाच नाही. निळा पम्पास तसाच. निळा तुरा पम्पासच्या कुठल्याही झाडाला येत नाही, तो रंगवलेला असतो. गुलाबी झाक असलेल्या जाती आहेत, पण फोटोतला तो भडक गुलाबी नाही. मी एका ऑनलाइन दुकानातून ‘पिंक पम्पास’ मागवला होता, त्यातून शुद्ध तण उगवलं. पैसे परत मागितले तर उत्तर आलं की ऊन कमी पडलं असेल. मनीष नगरच्या गच्चीत ऊन कमी!

कुंडीत लावणाऱ्यांसाठी: जांभळ्या फाउंटन ग्रासला निदान १४ इंची कुंडी. काळी प्लॅस्टिकची नको, मे महिन्यात मुळं शिजतात. सिमेंटची किंवा जाड ग्रो बॅग, बाहेरून पोतं गुंडाळायचं. हिरवी नेट मात्र लावू नका, सावलीत तुरे येत नाहीत आणि पानांचा जांभळा रंगही उतरतो.

खवचट_वऱ्हाडी · १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

निळ्याचं उत्तर भेटलं. धन्यवाद ताई.

डेकोर_प्रिया · १२ ऑक्टोबर, रात्री ९:१५

थोडं अवांतर. लग्नाच्या डेकोरेशनमध्ये पम्पासचे वाळलेले तुरे लावतात ते घरी करता येतील का? विकत घेतले तर किंमत बघून घाम फुटतो.

सेमिनरी_हिल्स · १३ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

प्रियाताई, पम्पास कशाला, या आठवड्यात कन्हान नदीच्या काठाने चक्कर मारा. कांस फुललंय. दोन्ही काठ पांढरे. पाऊस मागे फिरला की नवरात्राच्या आगेमागे हे होतंच, आणि महिनाभरात संपतं.

काकांनाही तेच म्हणायचं होतं. इतक्या लांबून गवत शोधताय, पण तुऱ्यांच्या बाबतीत आपला मुलूख गरीब नाही. कांस आहे. दीनानाथ गवत आहे, फिकट गुलाबी-जांभळ्या केसाळ तुऱ्यांचं, आत्ता कुठल्याही पडीत प्लॉटवर मिळेल, वर्षायू आहे. रस्त्याच्या कडेला उतरत्या उन्हात गुलाबी चमकणारं आणखी एक असतं, ते मूळचं आफ्रिकेचं, इथे येऊन स्थायिक झालेलं. टेकडीवर कुसळी. तुरा नाही म्हणता येणार, पण डिसेंबरात तिचा तांबूस रंग बघा, मग बोला. कुसळांनी मोजेही फुकट शिवून मिळतात.

कांस तर उसाचा सख्खा भाऊ. कोइमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र निघालं. तिथे रसाळ जाड उसाचा कांसाशी संकर करून १९१८ मध्ये को २०५ ही जात काढली. उत्तरेतली थंडी सोसण्याचा काटकपणा त्यात कांसाकडून आला. म्हणजे काका, तुमच्या थंडीच्या प्रश्नाचं एक उत्तर शंभर वर्षांपूर्वीच नदीकाठच्या गवतात सापडलं होतं, फक्त ते तुऱ्यासाठी नव्हतं, साखरेसाठी होतं.

काटोलचा_संत्रेवाला · १३ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

सेमिनरी भाऊ, कांसाचं कौतुक शहरातून होते. आमच्या वावरात एकदा शिरलं की निघत नाही. जमिनीखाली मुळ्यांचं जाळं, नांगरला तर तुकडे होऊन अजून वाढते. कृपा करून कुणी कंपाउंडमध्ये लावू नका. तुमचा प्लॉट आज प्लॉट आहे, शेजारी वावर आहे. हिंगण्याकडे अजून शेती होऊन राहिली.

सेमिनरी_हिल्स · १३ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

मी लावा म्हटलं नाही दादा, बघा म्हटलं. पण वावराबद्दल तुमचं शंभर टक्के खरं.

काळी_माती · १३ ऑक्टोबर, दुपारी १:३०

मी मधला मार्ग सांगू का? ज्यांना कांस हवंच आहे त्यांनी विहिरीच्या सिमेंटच्या रिंगमध्ये लावावं, तळाला काँक्रीट आणि एका बाजूला पाणी जायला पाइप. गड्डा बाहेर पडत नाही. पण बी उडतंच, तेव्हा तुरे पिकायच्या आत कापून घ्यायचे. इतका उपद्व्याप करण्यापेक्षा मी तरी कन्हानलाच जाईन.

प्रियाताई, तुरे वाळवायचे तर ते पानाच्या म्यानातून नुकते बाहेर येत असताना कापायचे. पूर्ण फुललेला कापला की घरभर कापूस. जुडी बांधून अंधाऱ्या हवेशीर खोलीत उलटी टांगा, दोन-तीन आठवडे. मग हलका हेअर स्प्रे मारला की झडत नाही. घरात कुणाला दमा असेल तर मात्र नकोच.

बजाजनगरकर · १३ ऑक्टोबर, रात्री ८:००

वाचून मजा येतेय. एक कल्पना सुचली. डिसेंबरात आम्ही दोघं लेकीकडे जातोय. वाळ्याची चार ठोंबं आणि कांसाचं थोडं बी बॅगेत टाकून न्यावं का? तिथे उन्हाळ्यात तरी कुंडीत लावता येईल. नागपूरची आठवण.

मिनेसोटा_मुक्काम · १३ ऑक्टोबर, रात्री १०:४५

काका, नका नेऊ!! कांस अमेरिकेच्या केंद्रीय उपद्रवी तणांच्या यादीत आहे. सेमिनरी_हिल्स यांनी कौतुक केलेलं दीनानाथ गवतही त्याच यादीत. विमानतळावर अर्जात झाडं-बियाणं नाही असं लिहायचं आणि बॅगेत ठोंबं निघायची, दंड होतो आणि पुढच्या प्रत्येक फेरीत बॅग उघडतात. वाळ्याची ठोंबं मातीसकट तर नेताच येत नाहीत, आणि मातीविना ठोंबांनाही रीतसर आरोग्य प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही. उलट दिशेलाही तेच. तिकडून इकडे रोप-बी आणायला आपल्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना लागतो. गाजरगवताने काय करून ठेवलं ते डोळ्यांसमोर असताना यात कडकपणा असलेलाच बरा.

आठवणच न्यायची तर लेकीला तिथलं बिग ब्लूस्टेम लावायला सांगा. इलिनॉयचं राज्य प्रेअरी-गवत आहे, इथे मिनेसोटात माझ्या अंगणातही उणे तीसमध्ये तगून आहे. तुरा त्रिशूळासारखा तीन बोटांचा. आपल्याकडच्या मारवेल गवताचा तुरा जवळून बघितला असेल तर ओळख पटेल, दोघं एकाच गोतावळ्यातले. नातं असं शोधायचं, बॅगेतून नाही.

बर्डी_ते_शिकागो · १३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मिनेसोटा +१. बिग ब्लूस्टेम मी कसं विसरले! फक्त खतावलेल्या लॉनशेजारी ते लोळतं, हलक्या मातीच्या जागी लावा.

नंदनवन_नणंद · १४ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

सगळं ठीक आहे, पण साप? आमच्याकडे घराला लागून उंच गवत म्हटलं की सासूबाई घर डोक्यावर घेतील. हिंगणा रोडला तर घोणस निघतेच.

काळी_माती · १४ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

ताई, रास्त प्रश्न आहे, आणि नर्सरीवाले याचं उत्तर कधी देत नाहीत. साप गवतासाठी येत नाही, उंदरासाठी येतो. उंदीर येतात बुडाशी साचलेल्या वाळक्या पानांत आणि कुटारात. म्हणून दार, पायवाट आणि नळ यांच्यापासून गवत निदान आठ-दहा फूट लांब. दोन ठोंबांमध्ये तीन फूट अंतर, म्हणजे मधली जमीन दिसत राहते. कुटार पावसाळा लागला की उचलून टाकायचं, उन्हाळ्यापुरतंच ते. रात्री तिथे हात घालायचा नाही, कापणी बूट घालून, दिवसा. ज्यांच्या घरी रांगतं मूल आहे त्यांनी सरळ गच्चीत कुंड्या कराव्यात.

उधईचंही (वाळवीचंही) बघा. वाळके बुडखे जुने झाले की आतून पोखरते. दर दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून फोडायचा, मधला मेलेला भाग फेकायचा, कडेचे कोवळे तुकडे पुन्हा लावायचे. तिकडच्या गवतांनाही हेच लागू, तिकडे वसंतात, आपल्याकडे पावसाच्या तोंडाशी.

गच्चीवाली · १४ ऑक्टोबर, दुपारी १२:१०

भाऊ, कापणीबद्दल माझं वेगळं मत आहे. मी फेब्रुवारीत कापते. मार्चमध्ये छान नवीन फूट येते.

काळी_माती · १४ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

गच्चीत तुम्ही रोज पाणी देता म्हणून चालतं. जमिनीत फेब्रुवारीत कापलं तर कोवळी फूट थेट एप्रिल-मेच्या तोंडी सापडते. जुनी पानं गड्ड्याला सावली करतात, कितीही कळकट दिसली तरी ठेवा. जूनचा पहिला पाऊस झाला की वीतभर ठेवून कापा. शिकागोच्या ताईंनी बर्फासाठी जे सांगितलं तेच इथे उन्हासाठी आहे, महिने फक्त वेगळे.

गच्चीवाली · १४ ऑक्टोबर, दुपारी १२:५५

कळकट बघवत नाही हो. मी फेब्रुवारीतच कापणार.

बजाजनगरकर · १५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

तर ठरलं असं. लेक आत्ता फक्त कार्ल फोर्स्टरची तीन रोपं लावतेय, काल घेऊन आली. सिल्बरफेडर आणि बिग ब्लूस्टेम मे महिन्यात. तिच्या घरामागे ओढा नाही, विचारून घेतलं. मॉर्टनला या रविवारी जाणार आहेत.

माझ्याकडे वाफा आत्ताच करून घेतो, म्हणजे मुरूम-माती बसायला उन्हाळा मिळेल. जुलैत वाळा मागे, जांभळं पुढे. पाकिटं रद्द. पम्पासचं एक तयार रोप नर्सरीतून, तुरा आलेला बघूनच घेईन म्हणतो, कोपऱ्यात एकच. चालेल?

काळी_माती · १५ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

चालेल. तुरा बघून घेताय हे उत्तम, मादी असल्याची खात्री तिथेच होते. कोपरा रस्त्याकडचा निवडू नका, पान येणाऱ्या-जाणाऱ्याला कापेल. आणि वाफा करताय तर मुरूम आणायच्या आधी भिंतीला भोकं पाडून घ्या, नंतर कुणी पाडत नाही. लेकीची तीन रोपं दोन-दोन फुटांवर, गड्ड्याचं तोंड मातीच्या पातळीला. खोल पुरू नका म्हणावं.

काटोलचा_संत्रेवाला · १५ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

पम्पासचा तुरा पिकायच्या आत कापजा काका. शेजारच्या वावरावर लक्ष ठेवून आहो आम्ही.